हालु हालु

सोमलिंगअप्पांनी भवानी पेठेतल्या आपल्या चादरींच्या दुकानाचं शटर उचललं. शटर गुडघ्यापर्यंत येऊन थांबलं. अप्पाही थांबले.

"आता घरी बसा की अप्पा. किल्ली द्या हिकडं," मुलगा संगमेश म्हणाला. त्याला दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायचं होतं.

"ज्याला शटर उघडतंय, त्याची किल्ली," अप्पा म्हणाले. "दिवाळीला उघडून दावतो. न्हाय जमलं तर तुमी बघा."

बोलून तर गेले, पण किल्ली गेली तर सकाळी उठून जायचं कुठं, हे त्यांना सुचेना.

बायको काशम्मा त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. बाई इंदूरच्या. मराठी चांगलं, फक्त 'ळ' जिभेवर टिकत नसे. त्यांनी ताकद मोजायला अप्पांच्या हातात मूठ आवळायचं यंत्र दिलं. काटा जेमतेम हलला.

"दोन्ही वेला चहा-खारी? अशानं स्नायू झिजतात, आजोबा. डाल, दही, शेंगा, भाकरी खा. रोज चाला. आणि सगलं हलूहलू वाढवा."

काशम्मा अक्कलकोटकडची. तिचं डोकं कन्नडमध्ये चालायचं, आणि कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध. बाईंनी दोनदा सांगितलं म्हणजे तेच मुख्य औषध, हे तिनं ओळखलं.

त्या दिवसापासून अप्पांना उठल्यावर दूध, जेवणाआधी दूध आणि जेवायला बसल्यावर पुन्हा दूध मिळू लागलं. डाळ-भाकरीला पोटात जागाच उरेना.

"अगं, बास की आता!"

"बाईंनी दोनदा सांगितलंय. प्या गप!"

ताटात उरलेलं टाकायचं कसं? अप्पांची डाळ, दही, शेंगाचटणी, कडक भाकरी काशम्माच संपवायची. दूध पिऊन अप्पा सुस्तावून पडायचे, म्हणून गवळ्याकडे किटली घेऊन चालत जाणंही तिच्याच वाट्याला आलं.

दिवाळीच्या तोंडावर ती दोघं पुन्हा बाईंकडे गेली. या वेळी काटा हललाच नाही.

"मी सांगितलेलं खाता ना?" बाईंनी विचारलं.

"व्हय की! हालु हालु!" काशम्मा म्हणाली. "गवळी खूश हाय आमच्यावर."

बाईंना उलगडा व्हायला वेळ लागला. "आजी, हलूहलू म्हणजे सावकाश!"

"मग हळूहळू म्हना की! ळ! ळ!"

काशम्मानं संतापून अप्पांच्या हातातलं यंत्र ओढून घेतलं आणि आवळलं. काटा शेवटच्या आकड्याला टेकला.

"आजी, तुम्ही काय खाता?"

"मी कसलं खातीय? ह्यांचं उरलेलं."

पाडव्याला सकाळी पूजेचं ताट घेऊन सगळे दुकानापुढे जमले. अप्पांनी जोर लावला. शटर गुडघ्यापर्यंत आलं. संगमेशनं हात पुढे केला, शटरला नव्हे, किल्लीला. अप्पांनी किल्ली मुठीत धरून ठेवली.

"सरका," काशम्मा म्हणाली. ताट तिनं मुलाच्या हातात दिलं, पदर खोचला आणि शटर एका दमात वर फेकलं.

मग नवऱ्याच्या हातातली किल्ली घेऊन तिनं कमरेला खोचली आणि ती गादीवर जाऊन बसली.

"उद्यापासनं माझ्यासंगं चालत यायचं दुकानात," ती अप्पांना म्हणाली. "डाळ-भाकरी खाऊन."

अप्पा घाईघाईनं पायरी चढू लागले.

"हळूहळू," काशम्मा म्हणाली. 'ळ' तिनं दोन्ही वेळा नीट उच्चारला.