दहा मोजून उठायचं

माणसं कशी टिकवायची, ते मला विचारा! मी त्यावर दोन दिवसांचं शिबिर केलेलं आहे. शिबिरात मिळालेली जाडजूड फाइल अजून माझ्या टेबलावर असते आणि तिच्यातली निम्मी पानं मी वाचलेलीसुद्धा आहेत. त्यामुळे आमचे उस्ताद काम सोडून समोरच्या नव्या दुकानदाराकडे जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. घाबरले ते माझे सासरे.

कारखाना सासऱ्यांचा. लाकडी खुर्च्यांचा. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी तो काढला तेव्हापासून उस्ताद त्यांच्यासोबत आहेत. आता सासरे घरी असतात, कारभार मी बघतो आणि कारखाना उस्ताद चालवतात. पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी एक नियम घातला होता: आमच्या खुर्चीवर गिऱ्हाइकाआधी कोणी टेकायचं नाही. कोरी खुर्ची ती कोरीच गेली पाहिजे. अपवाद फक्त उस्तादांचा. तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर ते बसतात, मनात दहा मोजतात, उठतात आणि मागच्या पायावर पेन्सिलीने बारीकसं टिंब काढतात. कुठला पाय केसभर आखूड आहे, कुठला सांधा पुढच्या वर्षी कुरकुरणार आहे, सगळं त्यांना त्या दहा आकड्यांत कळतं. ज्या खुर्चीवर टिंब नाही ती आमच्या दाराबाहेर पडत नाही.

आणि नेमकी तेव्हाच आम्ही एका सभागृहाच्या दोनशे खुर्च्यांची ऑर्डर घेतली होती. उस्ताद गेले असते तर आमच्याकडे दोनशे टिंबं कमी पडली असती, म्हणजे दोनशे खुर्च्याच.

संशयाला कारण होतं. रस्त्यापलीकडे एकाने नवं फर्निचरचं दुकान थाटलं होतं. रोज दुपारी जेवणाची सुट्टी झाली की उस्ताद डबा घेऊन तिकडे जायचे आणि अर्ध्या तासाने परतायचे. वर खुर्ची तपासायलाही त्यांना वेळ लागायला लागला होता. मी घड्याळ लावून बघितलं. दहा कुठले, चांगले चाळीस मोजत होते! फाइलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की काम रेंगाळायला लागलं म्हणजे माणसाचं मन उडालं असं समजावं.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मी ही फाइल बायकोला वाचून दाखवली. ती ओट्याशी उभी राहून मला गरमागरम वाढत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, पण ती माणसं दिवसभरात बसतात कुठे?"

ती माणसं काम करायला येतात, बसायला नाही, असं मी तिला समजावलं आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. पहिला मुद्दा होता प्रसन्न वातावरण. मागच्या अंगणात तीन पायऱ्या आहेत. सगळे तिथे डबे खायला बसायचे, त्यामुळे पायऱ्या कळकट झाल्या होत्या. मी त्यांना झकास पिवळा रंग दिला! हवा दमट होती म्हणून रंग काही चार दिवस वाळेना. मग मी दोरी बांधली. सगळ्यांनी उभ्या उभ्या डबे खाल्ले. उभं राहिल्याने माणसं एकमेकांशी मोकळेपणी बोलतात अशी मी फाइलमध्ये नोंद केली. त्या दुपारी उस्तादांबरोबर आणखी तिघे रस्ता ओलांडून गेले.

दुसरा मुद्दा हिरवाईचा. खिडकीखाली जुन्या फळ्यांची एक रास वर्षानुवर्षं पडून होती. तिच्यावर मी सात कुंड्या मांडल्या. पॉलिश करणाऱ्या मावशी बराच वेळ त्या कुंड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की साहेब, झाडं छानच आहेत, पण ती जमिनीवर नाही का जगणार? झाडांना उजेड लागतो, हे मला त्यांना सांगावं लागलं. त्या दुपारी मावशीही पलीकडे गेल्या.

तिसरा मुद्दा सूचनापेटी. यंत्राजवळ एक खोकं पालथं पडलेलं होतं, बरोबर हात पोचेल एवढ्या उंचीचं. त्याच्यावर मी पेटी खिळे मारून पक्की केली. तीन दिवसांनी उघडली तर आत एकच चिठ्ठी: 'पेटी भिंतीवर लावावी.' मला भरून आलं. माणसं पेटीचा इतका विचार करतायत म्हणजे आपलेपणा वाढतोय की! पेटी मात्र मी होती तिथेच ठेवली.

त्यानंतर सकाळचा व्यायाम सुरू केला. दहा मिनिटं, त्यातली दोन एका पायावर. उस्ताद यंत्राला धरून उभे राहायचे आणि माझ्याकडे असं बघायचे की मी नजर फिरवून पुढचा आकडा मोजायचो.

शुक्रवारी दुपारी खिडकीतून पाहिलं तर काय! अकराच्या अकरा माणसं समोरच्याच्या दारात! आणि तो दुकानदार उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पाण्याचा ग्लास देत होता. मी त्यांच्यासाठी इतकं करतोय, आणि जितकं करतोय तितकी माणसं पलीकडे चालली आहेत! खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

आता शेवटचा उपाय उरला होता. पान बासष्ट, कामाची कदर. मी उस्तादांचा जाहीर सत्कार ठरवला आणि सासऱ्यांना बोलावलं.

शनिवारी सकाळी अकरा माणसं एका ओळीत उभी केली. समोर सासऱ्यांसाठी दोनशेतली पहिली खुर्ची मांडली, पाहुणे म्हणून त्यांना नियमातून खास सूट देऊन. मी निष्ठा या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. बोलता बोलता इतका रंगलो की सासऱ्यांना बसा म्हणायचंच विसरलो, त्यामुळे तेही उभेच. शेवटी उस्तादांना पुढे बोलावून काचेच्या चौकटीतलं भलंमोठं मानपत्र त्यांच्या हातात दिलं आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

उस्तादांनी मानपत्राकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मानपत्र मावशींच्या हातात दिलं, सावकाश चालत गेले आणि सासऱ्यांच्या खुर्चीवर बसले.

 उस्ताद सासऱ्यांना म्हणाले, "मालक, दहा मोजून उठतो."

आणि त्यांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. चारला त्यांचे डोळे मिटले. सातला आवाज कापला. दहा झाले. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, जरासे वर आले आणि परत खाली बसले.

"नाही उठवत," ते हळूच म्हणाले.

"गुडघे?" सासऱ्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

मला राहवलं नाही. समोरच्याने तुम्हाला काय देऊ केलंय ते तरी सांगा, असं मी विचारून टाकलं.

"बाक," उस्ताद म्हणाले. "त्याच्या दाराबाहेर बाक आहे. उंच आहे, उठताना त्रास होत नाही. पायरीवर बसलं की मला उठता येत नव्हतं, म्हणून मी जायचो. ही बाकीची तर आता आली. यांना पायरी होती, फळ्या होत्या. मला मध्येच टेकायला ते खोकं होतं." ते सूचनापेटीकडे बघत होते, म्हणून मी जमिनीकडे बघायला लागलो.

सासऱ्यांनी विचारलं, "मग तू जाणार नव्हतास?"

"कुठे जाणार? पण पुढच्या महिन्यापासून यायला जमेल असं वाटत नव्हतं. तुम्हाला सांगणार होतो. खुर्च्यांच्या कारखान्यात राहून खुर्ची मागायची लाज वाटली, मालक."

 सासरे खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग म्हणाले की नियम माझाच आहे. तो केला तेव्हा आपण दोघंही तिशीत होतो. तिथल्या तिथे त्यांनी फर्मान काढलं. दोनशेतल्या पहिल्या अकरा खुर्च्या इथून हलणार नाहीत. ज्याने त्याने आपापली घ्यावी. सभागृहवाल्यांशी मी बोलतो, असंही ते म्हणाले.

उस्ताद टिकले. आणखी अकरा करून दोनशे खुर्च्या वेळेत गेल्या, प्रत्येकीच्या पायावर टिंब. आता उस्ताद दहाच मोजतात आणि मग स्वतःच्या खुर्चीत जाऊन बसतात. व्यायाम बंद आहे. सूचनापेटी भिंतीवर आहे.

त्या शनिवारी रात्री मी जेवताना बायकोला सगळी हकिकत सांगितली. अगदी रंगवून, उस्तादांच्या मोजण्यासकट. ताट संपत आलं तरी माझं बोलणं संपेना. शेवटी म्हणालो, "बघ ना, किती साधी गोष्ट! दिवसभर उभ्या माणसाला बसायला जागा हवी. रोज डोळ्यांसमोर असून इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आली नाही."

ती ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला.

"झालं सांगून?"

"झालं."

"मग उठा आता. आणि मला वाढा."

मी उठलो. ती माझ्या खुर्चीत बसली, पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले. मी मनात दहा मोजले. चाळीस मोजले. ती काही उठली नाही, आणि आमच्या घरात वाढायची पळी कुठे असते ते मला अजून कळलेलं नव्हतं.