तात्यांची डाकोटा उडत का नाही

"पुढच्या रविवारी तुम्हाला डाकोटा ऐकवतो, तात्या! अगदी पुढ्यात उभी केल्यासारखी!"

उचगावात सासऱ्यांच्या सोप्यात बसून उदयसिंहने ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या आवाजात असा रुबाब होता, की जणू विमान बाहेर चिंचेखाली लावूनच आलाय, किल्ली तेवढी खिशात आहे!

तात्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून मेहुणा विजयसिंह त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "दाजी म्हनत्यात, डाकोटा ऐकिवतो!" हे तात्यांच्या आधी शेजारच्या गल्लीला कळलं. आता माघार नव्हती.

तात्या तरुणपणी हवाई दलात होते. आसामात. विमानाला हात लावणं त्यांचं काम नव्हतं. विमानाला हात लावणाऱ्यांच्या पोटाला घालणं हे त्यांचं काम. ते मेसमधले आचारी! नोकरी संपवून गावी आले ते हातात झारा घेऊनच. मग पंचक्रोशीतलं लग्न असो की बारसं, पांढरा रस्सा तात्यांचाच. झाकण उघडून ते कधी बघायचे नाहीत. चुलीपाशी मान कलती करून ऐकायचे. "रस्सा बघायचा नसतोय, ऐकायचा असतोय," म्हणायचे. पातेल्यातली बुडबुड त्यांच्याशी बोलायची, पाळण्यातलं लेकरू आईशी बोलावं तशी.

मग कान गेले. आणि कान गेले तसे तात्या चुलीवरून उठले ते पुन्हा बसलेच नाहीत. लेकीनं, म्हणजे उदयसिंहच्या संयोगितानं, कानाचं मशीन आणून दिलं. ते डबीतून बाहेर निघेना. डॉक्टर म्हणाले, आत्ता घातलं नाही तर पुढं घालूनही उपयोग नाही. न ऐकणाऱ्या कानाला बोलणं ओळखायची सवय राहत नाही. लेक रडली, पोरगा भांडला. तात्या ढिम्म!

"काय ऐकू मशीन घालून? हॉर्न? तुमची भांडनं?" ते म्हणायचे. "आसामात पहाटं डाकोटा सुरू झाली की भट्टीवरली भांडी नाचायची. तसला आवाज ऱ्हायलाय का कुठं?"

त्यावरच जावयानं ही उडी मारली होती. तात्यांनी नातवाची परीक्षा घ्यावी तसं त्याच्याकडे बघितलं.

"ऐकवा पावणं. डाकोटा असली तर मशीन जन्मभर कानात. नसली तर मशीन पंचगंगेत!"

पावणं! लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन लेकरं कॉलेजात गेली, तरी तात्यांच्या तोंडी हा माणूस अजून पावणाच होता.

परतताना गाडीवर संयोगिता पाठीमागून म्हणाली, "अहो, त्यांनी खरंच टाकलं तर? तात्या बोलल्यासारखं करतात."

"अगं, मी कंप्युटर शिकवतो शाळेत! मला काय सांगतेस?"

कसबा बावड्यातल्या त्यांच्या घरी हॉलमध्ये उदयसिंहचा लाडका कंप्युटर होता आणि त्यात विमान चालवायचा खेळ, फ्लाइट सिम्युलेटर. त्या खेळात वेगवेगळी विमानं वेगळी विकत घेऊन बसवता येतात. त्याला म्हणायचं ॲड-ऑन. कुण्या दूरदेशीच्या माणसानं एकट्यानं बसून डाकोटाचं असं ॲड-ऑन केलं होतं. उदयसिंहनं ते त्याच संध्याकाळी उतरवून घेतलं, विमान धावपट्टीवर उभं केलं आणि इंजिन चालू केलं.

वा! पायलटच्या खुर्चीत बसून ऐकताना इंजिन असं गात होतं, की पहाटेच्या जात्यावर दोघी जावा बसल्यात, आणि एकीची ओवी दुसरी उचलतीय! उदयसिंहच्या अंगावर काटा आला. त्यानं ऐटीत कॅमेरा विमानाच्या बाहेर नेला.

आणि ओवी थांबली. इंजिन कणगीत कोंडून वर वाकळ टाकावी तसा आवाज! घुमा, दबका, भिंतीपल्याडचा. वर मधूनच खडखड, खडखड, मांडणीतली ताटं हलल्यासारखी.

"हे हो काय?" संयोगितानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही! सेटिंग!"

सेटिंग! त्या एका शब्दावर सोमवार गेला. उदयसिंहनं ॲड-ऑन काढून पुन्हा बसवलं. खडखड तशीच. आवाजाचं ड्रायव्हर बदललं, तर विमान सोडा, कंप्युटरच मुका झाला. तो बोलता केला, तर डावं इंजिन सुरू केल्यावर उजवं वाजायला लागलं! शाळेत नववीच्या वर्गाला त्यानं फळ्यावर 'ध्वनी' लिहिलं आणि बराच वेळ त्याकडेच बघत राहिला. जेवताना घास हातात घेऊन तो एकदम म्हणायचा, "बाहेरच्या कॅमेऱ्याला आतला आवाज लागतोय का?" आणि संयोगिता म्हणायची, "आमटी वाढू का?"

शेवटी त्यानं त्या दूरदेशीच्या माणसाला इंग्रजीत लांबलचक विनवणी लिहिली. बाहेरून आवाज दबका येतो, खडखड येते, एका वृद्ध माणसाच्या कानांचा प्रश्न आहे, कृपा करा. उत्तर आलं, बघतो.

बघतो! रविवार दारात आला होता आणि हा बघतोय!

तेवढ्यात मित्र कृष्णात आला. तालीम मंडळाचे स्पीकर याच्या ताब्यात. गणपतीच्या मिरवणुकीत हे स्पीकर वाजले की म्हातारी माणसं छातीला हात लावून घरात जायची.

"मास्तर, ह्या डबड्यातनं काय विमान ऐकिवणार तू? मोबाइल बरा की ह्यापरास! आपलं दोन बॉक्स आनतो. तात्यांस्नी वाटलं पायजे, विमान सोप्यात शिरलं!"

शुक्रवारी सकाळी स्पीकर आले. दारातून मावेनात, म्हणून दार काढून आत घेतले. कृष्णातनं वायर जोडली, "व्हय, सोड!" म्हणाला, आणि उदयसिंहनं इंजिन सोडलं.

पंख्याचं पातं हललं, देवघरातला दिवा विझला, आणि परसातल्या भिंतीपलीकडून किंकाळी आली. शेजारच्या आक्का हातात रिकामी बादली घेऊन, पदर खोचून दारात उभ्या!

"मास्तर! काय पाडायचं चाललंय? घर का डोंगार?"

"विमान हाय, आक्का," कृष्णात म्हणाला.

"विमान हाय म्हंजे? म्हशीच्या धारंला बसली हुती मी! लाथ घातली तिनं बादलीला, आनि आता पान्हा सोडंना झालीया! गिऱ्हाइकांना काय, विमान घालू का ग्लासात?"

"आक्का, फक्त रविवारपर्यंत," उदयसिंह हात जोडून म्हणाला. "आमच्या तात्यांच्या कानासाठी चाललंय."

"कानासाठी? ह्यानं हायत ते कान जातील की रं!"

त्या गेल्या. मोठ्या स्पीकरवर तो दबका आवाज आणखीच दबका वाटत होता, आणि खडखड तर अशी, की तालमीतली सगळी पितळी भांडी कुणी जिन्यावरून सोडलीत! उदयसिंह डोकं धरून बसला. संयोगिता त्याच्याजवळ येऊन टेकली.

"नाही जमलं तर नाही. पण मला आत्ताच सांगा. मी दादाला सांगते, तात्यांना आणू नको. निदान मशीन डबीत तरी राहील."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. उदयसिंहच्या काळजात खडखड झाली, कुठल्याही स्पीकरशिवाय!

आणि शनिवारी दुपारी निरोप आला! दोष सापडला, नवीन फाइल पाठवली आहे. उदयसिंहनं ती बसवली, इंजिन लावलं, कॅमेरा बाहेर नेला... स्वच्छ! खडखड नाही, दबकेपणा नाही. प्रत्येक ठोका वेगळा, टपोऱ्या ज्वारीच्या दाण्यासारखा. त्यानं संयोगिताचा हात धरून तिला हॉलभर एक गिरकी दिली. तिच्या हातात पिठाचं ताट होतं, ते सगळं कीबोर्डवर!

रविवारी विजयसिंह तात्यांना घेऊन आला. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. सदऱ्याच्या खिशात ती डबी. कृष्णात आला. आक्का भांडायला म्हणून आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. स्वयंपाकघरात मटण शिजत होतं, संयोगिता एक डोळा तिकडे ठेवून दारात उभी होती.

तात्यांनी डबी उघडली. मशीन कानात बसवलं. डोळे मिटले आणि मान कलती केली, पूर्वी चुलीपाशी करायचे तश्शी! संयोगितानं तोंडाला पदर लावला.

"व्हय पावणं. सोडा!"

उदयसिंहनं सोडलं. डाकोटा गरजली! खिडक्यांच्या काचा गायला लागल्या. विजयसिंहचं तोंड उघडं राहिलं. उदयसिंह तात्यांच्या चेहऱ्यावर हसू उगवायची वाट बघत होता, दिवेलागणीला पहिली चांदणी शोधावी तशी.

तात्यांनी डोळे उघडले.

"ही न्हवं."

"काय?"

"ही डाकोटा न्हवं. ह्ये कुठलं तरी दुसरंच. ट्रॅक्टर लावलाय पावण्यांनी."

उदयसिंह कीबोर्डकडे झेपावला. "तात्या, खरीच आहे! थांबा, आतून ऐकवतो!" आतून ऐकवलं. "न्हाय." शेपटीकडून ऐकवलं. "न्हाय." पंखाखालून, समोरून, वरून! तात्यांची मान नकारार्थी हलत राहिली आणि त्यांचा हात हळूहळू कानाकडे निघाला. मशीनकडे. पंचगंगा तिथून काही लांब नव्हती!

"तात्या, थोडं थांबा की हो!" विजयसिंह ओरडला.

"वराडतोयस कशाला? ऐकू येतंय मला!" तात्या उठले. "डोस्कं उठलं. संयू, पानी दे," म्हणत स्वतःच स्वयंपाकघरात गेले. त्यांच्यामागं संयोगिताही गेली, आणि आत जाताना तिनं त्या गोंगाटावर सगळा राग काढून दार धाडकन लावून घेतलं.

हॉलमध्ये इंजिन गरजत राहिलं. बंद करायचं भान कुणाला! उदयसिंह कीबोर्डवरच्या कालच्या पिठाकडे बघत बसला होता. कृष्णात त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे मास्तर. स्पीकर तर चांगलं वाजलं की न्हाय?"

आणि दाराआडून तात्यांची आरोळी आली!

पडले! भाजले! उदयसिंहनं झटक्यात इंजिन बंद केलं आणि उठला, विजयसिंह उठला, दोघं एकदमच दाराकडे धावले आणि एकमेकांत अडकले. दार आतून उघडलं. तात्या उभे होते, हातात झारा!

"कोन बंद केली रं? कोन केली बंद?"

"तात्या, काय झालं?"

"हीच ती! हीच डाकोटा! आत्ता लागली हुती सुराला, आनि बंद केलासा!"

"पन तीच हाय की वो मघाधरनं," कृष्णात म्हणाला.

"आरं, मघा समूर हुती! मी कवा समूरनं ऐकलीया तिला?" तात्यांचा आवाज ओला झाला. "मी भट्टीवर. पहाटं ती सुरू व्हायची ती पत्र्याच्या भिंतीपल्याड. दबकी. आनि मांडनीतली ताटं हलायची, खडखड, खडखड... त्यावर मी चहाचं आधान ठेवायचा. ही बघा, ही ताटं हालत हुती न्हवं?"

उदयसिंहनं दाराआडून आत बघितलं. संयोगिताच्या मांडणीवरची ताटं त्या भल्याथोरल्या स्पीकरच्या धक्क्यानं हलून हलून कडेला आली होती. दबका आवाज आणि ताटांची खडखड! आठवडाभर कंप्युटरपुढं बसून, परक्या देशाला साकडं घालून, त्यानं नेमकं तेच काढून टाकलं होतं. डाकोटा कुठली, हे सगळं शोधलं. तात्या कुठं उभे होते, एवढं मात्र विचारलं नाही!

"संयू, ह्यो रस्सा उतू चाललाय, तुला ऐकू येतंय का न्हाय?" तात्या गर्रकन वळले. "सर बाजूला. खोबरं कुठाय? आनि उदया, दार लाव आनि सोड रं इंजान! बंद करू नगंस!"

उदया! उदयसिंहनं दार लावलं. खुर्चीत बसला. इंजिन सोडताना त्याला पडदा नीट दिसेना, पिठानं म्हणा, कशानं म्हणा.

त्या दिवशीचा पांढरा रस्सा आक्कांनी चार वाट्या प्यायला आणि भांडण पुढं ढकललं.

आता दर रविवारी तात्या मशीन घालून बावड्याला येतात. दार बंद होतं. आत लेक, पोरगा, नातवंडं, आक्कासुद्धा. हसणं, फोडणी, गप्पा. बाहेर हॉलमध्ये उदयसिंह एकटाच डाकोटाचं इंजिन चालू ठेवून बसलेला असतो. त्या दूरदेशीच्या माणसानं परवा आपुलकीनं विचारलं, आता आवाज ठीक आहे ना? उड्डाण कसं वाटलं?

उदयसिंहनं खूप विचार करून लिहिलं, अजून उडवलं नाही.

कारण एकदाच, फक्त एकदाच, त्यानं चोरून विमान धावपट्टीवरून जरासं उचललं होतं. आवाज बदलला, आणि दाराआडून लगेच हाक आली, "उदया! गप खाली आन ते! कांदा करपला!"