डुलकीची अट

मी छगनशेठना छातीठोकपणे सांगितलं, "वीज गेल्यावर बॅटरीवर कॉम्प्युटर दोन तास चालवून दाखवतो. नाही जमलं तर मागावर उभा राहतो!"

साल अठ्ठ्याण्णव. शेठच्या पर्वत पाटियाच्या ऑफिसात मी साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर चढवायचो. नोकरी कच्ची होती, सोमवारी हे जमलं तर पक्की होणार होती. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मूळ प्रोग्रॅम, त्याचा मुकादम. कुणाचं काम चालू असेल तर मशीन जागं ठेव, नाहीतर झोपव, अशा अटी मी त्याला शिकवत होतो. त्यासाठी मशीन आठवडाभर बमरोलीला आमच्या खोलीवर आणलं होतं.

पण ते झोपायचं आणि पाच मिनिटांत टक्क जागं! दुपारी चहाच्या लारीवरून परत यावं, तर मशीनचा पंखा घरघरतोय आणि शेजारी रातपाळीहून आलेले माझे वडील, आप्पा, घोरतायत. तिसरं कुणी नाही. मी मशीनच्या घड्याळावर संशय घेतला, मॉडेम उपटून टाकला. शेवटी उठवणाऱ्याचं नाव टिपून ठेवायला कर्नललाच सांगितलं. दर वेळी एकच नाव, कीबोर्ड! नवा कीबोर्ड आणला. तरी तेच!

"म्हणजे उंदीर!" मी ओरडलो. बमरोलीत उंदरांना काय तोटा? स्पेसबारवर चाप लावला, त्यात भज्याचा तुकडा खोवला आणि ऐटीत चहाला गेलो.

परत येतो तर आप्पा खाटेवर बसलेले, बोट तांब्यातल्या पाण्यात.

"आप्पा, हाई काय?"

"मशीन बंद पडनं ना भो," आप्पा कळवळत म्हणाले. "मंग कारीगरनी पडी राहवानं का?"

झालं! वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. आवाजात तो गाढ झोपतो, आवाज थांबला की उठतो. दोरा तुटला असणार, माग सुरू करायला हवा! पंखा थांबला की आप्पा अर्धवट झोपेत उठत, सगळ्यांत मोठी कळ दाबत आणि पुन्हा आडवे होत. तुटल्या दोऱ्याला ज्या बोटानं गाठ मारायची, तेच टम्म सुजलं. त्या दिवशीची पाळी बुडाली. मला माझीच लाज वाटली.

सोमवारी शेठसमोर मशीन झोपलं. पंखा थांबला. बोलता बोलता शेठनी कप खाली ठेवला आणि पटकन स्पेसबार दाबला. "अरे, बंद थई गयुं!" तेही एके काळी कडोदऱ्याला माग चालवायचे.

मी तिथल्या तिथं अट बदलली. गाढ झोप नाही, नुसती डुलकी. पंखा चालूच राहणार. बॅटरी सव्वा तासच टिकली, पण शेठ खूश, नोकरी पक्की! माझे दोन तास त्यांना आठवले नाहीत. मीही आठवण करून दिली नाही.

प्रोग्रॅममध्ये अट कुठल्या उपकरणासाठी, हे तिच्या शेजारी लिहायची शिस्त असते. मी लिहिलं, "आप्पा झोपलेत."

पुढे माझ्या जागी आलेल्या महेशचा फोन आला. "साहेब, हे आप्पा म्हणजे कुठलं उपकरण?"

"जुनं आहे," मी म्हटलं. "पण काढू नकोस."