होय म्हणणारा दिवा

"सर, रविवारी अण्णा बोलणार! तोंडाने नाही, थेट मेंदूने!" प्राणेशने छातीठोकपणे सांगून टाकलं.

सर म्हणजे भीमाचार्य, बंगळूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले त्याचे गाईड. पुण्याहून आलेला प्राणेश तीन वर्षं त्यांच्या हाताखाली एक यंत्र बनवत होता. डोक्याला तारा चिकटवायच्या, माणसाने मनात 'होय' म्हटलं की हिरवा दिवा लागणार! १९९४ सालची गोष्ट. ऐकणारे तोंडात बोटं घालत.

कृष्णाजी अण्णा बंगळूरच्याच शिवाजीनगरचे जुने शिंपी. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि वाचा गेली, हातपाय गेले. ऐकू यायचं, समजायचं सगळं. घरी बायको विठाबाई आणि टेलिफोन ऑपरेटर असलेली मुलगी शिवलीला. या दोघी अण्णांशी कशा बोलतात, हे प्राणेशने कधी विचारलंच नव्हतं. यंत्र असताना विचारायचं काय!

रविवारी सकाळी अण्णांचं डोकं लग्नमांडवासारखं तारांनी सजलं. दारात अर्धी गल्ली जमली.

"शॉक नाही ना बसत रे, बाळा?" विठाबाईंनी विचारलं.

"छे हो, अक्का! तुम्ही फक्त दिव्याकडे बघा!"

मग खाकरून त्याने विचारलं, "अण्णा, कॉफी हवी?"

घर्रर्र! शेजारच्या घरात चटणीसाठी मिक्सर फिरला आणि इकडे हिरवा दिवा लखकन लागला! टाळ्या पडल्या. भीमाचार्यांनी प्राणेशच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून घसरला.

विठाबाई पुढे सरसावल्या. "अहो, साखर घालू स्वल्प?" अण्णांना मधुमेह होता. घर्रर्र! दिवा लागला.

"चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवलात, कधी चांगलं म्हणाला नाहीत. आवडायचं ना?"

घर्रर्र! दिवा! विठाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

प्राणेशचं लक्ष मात्र आता त्या घर्रर्रकडे गेलं. मिक्सर थांबला की दिवा विझत होता, फिरला की लागत होता. भिंत एक, वायरिंग एक. यंत्राला अण्णांच्या मेंदूपेक्षा शेजारणीची चटणीच जास्त कळत होती! सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण सरांचा चेहरा बाशिंग बांधलेल्या नवरदेवासारखा फुललेला, विठाबाई आनंदाने रडतायत... आता आणखी कोण काय विचारणार, असा विचार करून तो गप्प बसला.

तेवढ्यात शिवलीला खुर्चीशी येऊन बसली.

"अण्णा, अम्मा एकटी थकते. मी नोकरी सोडून घरी राहू का? तुम्ही म्हणाल तसं."

घर्रर्र!

दिवा लागला. शिवलीलाचा चेहरा पार उतरला, पण ती मान डोलावून एवढंच म्हणाली, "सरी, ठीक आहे. उद्याच राजीनामा देते."

"नको!" प्राणेश किंचाळलाच. "नका देऊ! तो मिक्सर आहे!"

"कोण मिक्सर?" भीमाचार्य दचकले.

"शेजारचा, सर! दिवा त्यानेच लागतोय. मला मघाशीच कळलं होतं. मी... बोललो नाही."

गल्लीने माना वळवून शेजारच्या घराकडे पाहिलं. प्राणेशला वाटलं, फरशी दुभंगावी आणि यंत्रासकट आपल्याला पोटात घ्यावं.

शिवलीला पटकन अण्णांकडे वळली. अण्णांचे डोळे बटणांसारखे टक्क उघडे होते आणि त्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अय्यो, अण्णा नाही म्हणतायत!" ती ओरडली. "केव्हापासून नाही म्हणतायत, आणि आम्ही सगळे दिव्याकडे बघत बसलो!"

"तुम्हाला कसं कळलं?" प्राणेशने चाचरत विचारलं.

"डोळे मिटले की होय, उघडे ठेवले की नाही. दोन वर्षं आमचं असंच चालतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत? एवढे शिकलेले लोक, थेट मेंदूतलं वाचणार म्हणालात. आम्हाला वाटलं, आमचं ते अडाण्याचं."

भीमाचार्य भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचू लागले. शिवलीलाने वडिलांचे डोळे पुसले. "अण्णा, नोकरी चालू ठेवू?"

अण्णांनी डोळे मिटले, ते बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"आणि माझ्या हातचं जेवण?" विठाबाई मागे हटायला तयार नव्हत्या. अण्णा क्षणभर छताकडे बघत राहिले. मग डोळे मिटले. विठाबाई पुन्हा रडल्या, या खेपेला खऱ्याखुऱ्या 'होय'वर.

प्राणेशने एकेक तार हळूच सोडवली. अण्णांच्या कपाळावरचा चिकट लेप स्वतःच्या रुमालाने पुसला. त्यांच्या नजरेला नजर द्यायची त्याची हिंमत होईना. शेवटी त्याने मान वर केली.

"अण्णा, चुकलो मी. पुन्हा येऊ का?"

अण्णांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग एकच डोळा मिटला.

"म्हणजे काय?" प्राणेशने घाबरून शिवलीलाकडे पाहिलं. "अर्धं होय?"

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही या म्हणतायत. डबडं नको."