अपलोडच्या हातावर दही

आमच्या घरातून बाहेर जाणारं इंटरनेट हातावर दही घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आत येणाऱ्याला अशी काही अट नाही. त्यामुळे आमच्याकडे आत यायचा वेग शंभर आहे आणि बाहेर जायचा एकाचाही अर्धा, तोही महानंदेचे गुडघे बरे असतील त्या दिवशी.

महानंदा म्हणजे आमचं कुटुंब. बार्शीच्या बाजारात माझं बारदानाचं दुकान आहे, पोती, सुतळी, ताडपत्री. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. धंद्यात एक गोष्ट लवकर कळली, की आत येणारा माल धावत येतो आणि बाहेर जाणारा अडतो. कुणाची सही राहते, कुणाचा चहा राहतो, हमाल म्हणतो तंबाखू मळून घेतो. म्हणून घरातून बाहेर जाणाऱ्या गोष्टींना अपलोड म्हणतात आणि तेही अडतं, असं समजल्यावर मला फारसं नवल वाटलं नाही.

हे समजलं शैलजामुळं. ती आमची एकुलती मुलगी, कॅनडात हॅलिफॅक्स नावाच्या गावी असते. रविवारी व्हिडिओवर येते. ती आम्हाला इतकी स्वच्छ दिसते की तिच्या मागच्या फळीवरच्या डब्यांत काय भरलंय ते सांगता येतं. पण आमचं तिकडं पोचायला महिना लागायचा. आषाढात ती विचारायची, "आई, ताप उतरला का?" ताप ज्येष्ठात येऊन गेलेला. मधेच खदखदून हसायची, तर तो वटपौर्णिमेला मी केलेला विनोद असायचा. आम्ही दोघं तिच्याकडं बघत, ही नेमकी कशाला हसतेय ते आठवत बसायचो. आठवलं की आम्हीही हसायचो, पण तोवर ती गंभीर झालेली असायची.

असंही चाललं असतं. पण शैलजाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी जमलं नाही म्हणून बारसं सव्वा महिन्यानं धरलं. ती म्हणाली, "आई, पाळणा तूच म्हणायचा. रेकॉर्ड लावणार नाही मी. माझ्या वेळी आजीनं म्हटलेला तसाच." महानंदा लगेच 'हो' म्हणाली. तो 'हो' पोचेपर्यंत बारसं होऊन गेलं असतं. व्हिसाची तारीख मिळाली होती दिवाळीनंतरची.

"अहो, माझा पाळणा पोरगी रांगायला लागल्यावर पोचला तर काय उपयोग?" महानंदा म्हणाली. "केबलवाल्याला बोलवा."

केबलच्या ऑफिसातून दत्ता कोळेकर आला. त्यानं इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. देव्हाऱ्याशेजारचा डबा टीव्हीपाशी नेला, पुन्हा देव्हाऱ्यापाशी आणला. नवीन वायर टाकली. आपला फोन लावून बघितला.

"अण्णा, डब्याला कुणी हात लावला होता का?"

"माझी हिंमत नाही बाबा. शेजारच्या लोंढे मास्तरांकडं तुझीच वायर आहे, त्यांचं बरं जातंय."

"मास्तरांचं घर वेगळं," कोळेकर म्हणाला आणि भिंतीवरची वायर बोटानं चाचपत दारापर्यंत गेला. आमच्या चौकटीला भोक पाडून ती वायर बाहेर काढलेली आहे. तिथं तो उकिडवा बसला आणि बाहेर डोकावला.

"अण्णा, इकडं या. तुमचं सगळं हितंच बसलंय."

मी गेलो. खरंच होतं. वायरीवरून उतरून सगळं ओट्यावर ओळीनं बसलं होतं. गेल्या रविवारचं आमचं बोलणं, त्याच्या पुढं त्याच्या आधीच्या रविवारचं, अधूनमधून महानंदेनं पाठवलेले पुरणपोळीचे फोटो. एसटी स्टँडवर गाडीच्या आधी पोचलेली माणसं बसतात, तशी शांत. कुणाची तक्रार नव्हती.

तेवढ्यात महानंदा वाटी घेऊन आली आणि पायरीवर बसून एकेकाच्या हातावर दही ठेवायला लागली. दही चाटून झालं की तो तुकडा उठायचा, उंबऱ्याला हात लावायचा आणि जायचा.

"काकू, हे काय?"

"बाहेरगावी निघालेत ना. मोकळ्या हातानं कसं पाठवायचं?"

"कधीपासून देताय?"

"शैला गेली तेव्हापासून. रोज दुपारी, जेवणं झाली की."

मी म्हणालो, "मला वाटायचं तू मांजराला देतेस."

"आपल्याकडं मांजर कुठं आहे?" ती म्हणाली. तेही बरोबरच होतं.

कोळेकरनं तिला समजावलं की एका फोटोचे हजारो तुकडे होतात आणि ते सुटे सुटे जातात.

"म्हणून तर चमचा लहान घेतलाय," ती म्हणाली.

त्यानं ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कळवलं, की उंबऱ्याच्या आतली जबाबदारी ग्राहकाची असते. दही बंद करून बघावं, नाहीतर दुसऱ्या घरातून पाठवून बघावं.

दही बंद करायचा प्रश्नच नव्हता, कारण बसलेल्यांपैकी कुणी त्याशिवाय उठेना. म्हणून दुसऱ्या दिवशी महानंदा लोंढे मास्तरांकडं गेली आणि त्यांच्या कॅमेऱ्यासमोर पाळण्याचं पहिलं कडवं म्हणून आली. चहा होईपर्यंत शैलजाचा निरोप हजर. "आई, पोचलं. आवाज स्वच्छ आहे, चित्रही स्वच्छ आहे. पण मला कुणी बाई छान पाळणा म्हणतेय असं वाटलं. तू आहेस हे मला नंतर आठवावं लागलं."

त्या दिवशी महानंदा दोन्ही वेळा भाजीत मीठ टाकायचं विसरली.

लातूरला आमचे एक व्यापारी स्नेही होते, गंगाधरप्पा. त्यांचा ट्रक ड्रायव्हर जेवल्याशिवाय निघायचा नाही, क्लीनर जेवल्याशिवाय निघायचा नाही, आणि वाटेत कुणी भेटलं तर त्यालाही जेवायला परत घेऊन यायचे. माल नेहमी उशिरा. लोक शिव्या द्यायचे. पण पोचलेल्या मालात फाटलेलं पोतं एकही नसायचं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याकडंच जायचे. मी ही गोष्ट महानंदेला सांगितली. तिला धीर द्यावा एवढाच हेतू. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे मालाबरोबर आपणच गेलं तर?"

"म्हणजे?"

"पाळणा पाठवण्यापेक्षा मीच जाते. आत्ता लागले तर बारशापर्यंत पोचेन."

कोळेकरला पुन्हा बोलावलं. त्यानं विचार केला. "माणूस मी अजून पाठवला नाही, काकू. विचारून सांगतो." ऑफिसच्या बाईंनी फोन धरून ठेवायला लावला, आतून कुणाला तरी विचारून आल्या आणि म्हणाल्या, प्लॅन अमर्यादित आहे, काय पाठवायचं यावर अट नाही. फक्त मधे लाइट जाऊ द्यायची नाही, नाहीतर पहिल्यापासून.

"मग अण्णा, तुम्ही बी जावा की," कोळेकर म्हणाला. "जोडीनं जाल."

मी मनातल्या मनात बॅग भरायलाही घेतली होती.

"आणि शेवटच्याच्या हातावर दही कोण ठेवणार?" महानंदा म्हणाली.

बॅग मनातल्या मनातच रिकामी केली. मी दुकानातला इन्व्हर्टर घरी आणून बसवला.

दही द्यायची मला सवय नव्हती. तिनं शिकवलं. "उजव्या हातावर ठेवा. सांडू नका. आणि एकेकाशी बोलत बसू नका, तुम्हाला गिऱ्हाईक दिसलं की राहवत नाही." सगळ्यांत आधी तिचा आवाज गेला, कारण पाळण्याला तोच लागणार होता. त्यानंतर ती मला खुणेनं सांगायची की लहान चमचा घ्या. मग तिची स्वयंपाकघरातली लगबग गेली, मग चिडणं गेलं. गुडघेदुखी मी मागं ठेवून घेता येते का बघितलं, पण ती ऐकेना, बरोबरच गेली. एके दुपारी तिचं हसू माझ्यासमोर येऊन हात पुढं करून उभं राहिलं, तेव्हा वाटी आतच राहिली असं सांगून मी थोडा वेळ काढला. वाटी माझ्या हातातच होती.

प्रत्येक तुकड्यासाठी ती तोच उजवा हात पुढं करायची, म्हणून उजवा हात शेवटपर्यंत राहिला. त्याच्यावर दही ठेवलं. तो काही वेळ माझ्या हातात होता. मग तोही गेला.

बारशाच्या आदल्या दिवशी जावयांचा निरोप आला, "आई उघडल्या. सगळं ठीक आहे, काही तुटलेलं नाही." दुसऱ्या दिवशी मी पडद्यावर बारसं बघितलं. महानंदा पाळण्याशी उभी राहून म्हणत होती, शैलजा डोळे पुसत होती आणि पोरगी आजीच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. नाव शांभवी ठेवलं. लोंढे मास्तर आणि कोळेकर आमच्या बैठकीत घुगऱ्या खात बसले होते. मास्तर म्हणाले, "वहिनी आणखी बऱ्या दिसताहेत तिथं." कोळेकर म्हणाला, "तिकडचा डबा चांगला असंल."

आता रविवारी मायलेकी पडद्यावर येतात. महानंदेच्या खांद्यावर शांभवी झोपलेली असते. ती दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर झोपत नाही म्हणे.

"जेवलात का?" महानंदा विचारते.

मी 'जेवलो' म्हणतो आणि तो शब्द वायरीवरून दाराकडं जातो. दुपारी दुकानातून आलो की मी वाटी घेऊन पायरीवर बसतो. माझं बोलणं थोडं असतं, फार वेळ लागत नाही. 'जेवलो' गेलं, 'सुतळीचा भाव बरा आहे' गेलं, 'लोंढे मास्तरांनी भाकरी पाठवली होती' तेही गेलं. विरजण मीच लावतो. आधी आंबट व्हायचं, आता जमतं.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "बोलवलंत की निघते. तिकडं यायला काय, घटकाभराचं काम." खरं आहे. आमच्या घरात आत यायला कुणाला काही लागत नाही.

मी तत्काळ 'ये' म्हणालो.

कोळेकर परवा वायरीची तपासणी करायला आला होता. त्यानं ओटा बघितला. "अण्णा, अपलोड एकदम सुधारलंय. रांगच नाही. एकच बसलंय बघा चौकटीपाशी."

"असू दे."

"मीच देऊ का चमचाभर?"

"नको. माझं मी बघतो."

तो गेल्यावर मी वाटी घेऊन पायरीवर बसलो. 'ये' उठला, जवळ आला आणि त्यानं उजवा हात पुढं केला. मी त्याला म्हणालो, पोरगी अजून मान धरत नाही रे, बस थोडा.

तो बसला.