कुणाचा हा पराक्रम?

विधाते काका भिंती चाटतात. उगाच रंगवून सांगत नाही. जुनी दगडी भिंत दिसली की ते आधी तिच्यावर तळहात ठेवतात, मग इकडेतिकडे बघतात (संकोचाने नव्हे, ऊन कोणत्या बाजूने येतं ते बघायला) आणि मग जिभेचं टोक लावतात. "खारट" म्हणाले, तर भिंतीत ओल शिरून मीठ वर चढलंय. काहीच बोलले नाहीत, तर भिंत ठणठणीत आहे.

आम्ही इंदिरानगरला एकाच इमारतीत राहतो. काका माझ्या वरच्या मजल्यावर, एकटेच. तंत्रनिकेतनात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि बायको गेल्यावर हा फ्लॅट घेतला. त्यामुळे काकूंना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. माझी ओळख झाली ती बाथरूमच्या भिंतीला पोपडे आले तेव्हा. मी प्लंबर बोलावला होता. त्याच्या मागोमाग काका न बोलावता आत शिरले, भिंतीला जीभ लावली आणि म्हणाले, "पाइप शेजारच्यांचा फुटलाय." पाइप माझाच निघाला. पण ओल पावसाची नाही, पाइपाची, एवढं तरी बरोबर होतं, म्हणून मी त्यांना चहा दिला. तिथून त्यांचं येणंजाणं सुरू झालं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "कुणाचा हा पराक्रम?" दगडी पायरीवर कुणी सिमेंट थापलेलं दिसलं, की कुणाचा हा पराक्रम. लिफ्टमध्ये पानाची पिचकारी, चहात जास्त साखर, सोसायटीच्या फाटकाला जांभळा रंग, सगळीकडे तेच. विचारतात आणि क्षणभर थांबतात. सेक्रेटरींनी एकदा प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, जांभळा रंग मीच निवडला." तर काका त्यांच्याकडे असं बघायला लागले, जसं काही मधेच बोलून त्यांनी आगाऊपणा केला.

काकांचा खरा शत्रू म्हणजे ऑइलपेंट. आपल्याकडे देवळावर माया दाखवायची म्हणजे ते रंगवायचं. काळ्या पाषाणाचं कोरीव मंदिर असलं की दोन-चार वर्षांनी गावात वर्गणी निघते आणि खांब पिवळे, कळस केशरी, द्वारपाल गुलाबी होतात. "दगडाला रेनकोट घालून शिवून टाकतात," काका म्हणतात. "आतली ओल बाहेर कशी पडणार? मग दगडाचे पापुद्रे सुटतात. ते सुटले की हे पुन्हा रंग देतात!"

त्यांच्या गावात असंच एक महादेवाचं देऊळ आहे. गाव दिंडोरीच्या अलीकडे. पूर्वी तिथे यांचे झेंडूचे मळे होते, आता बहुतेक द्राक्षं. देऊळ लहान, पण दाराच्या चौकटीवरचं काम बारीक आहे. निदान काका तसं म्हणत. शेवटचा रंग लागून कित्येक वर्षं झाली होती, तरी थरांखाली काहीच दिसत नव्हतं.

मी सातपूरच्या एका कंपनीत सामाजिक निधीचं काम बघते. जुन्या वास्तू जपण्यासाठी नवं तंत्रज्ञान वापरणाऱ्या एका प्रकल्पाला पैसे द्यायचे, असं साहेबांनी ठरवलं. ही बातमी मी काकांना लिफ्टमध्ये सांगितली. त्यानंतर मला लिफ्टने जाणं सोडावं लागलं.

"बोरस्ते मॅडम, लेझर!" ते जिन्यात गाठायचे. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी लेझरने लोखंडी साच्यांवरचा गंज काढताना पाहिला होता. गंज निघतो तर रंगही निघेल. ना ॲसिड, ना घासणं. फक्त आपला नाशिकचा दगड किती ताकद सोसतो, हे तपासायचं. ताकद जास्त झाली तर दगडच भाजतो.

आमच्या ऑफिसात सादरीकरणाला सगळे लॅपटॉप घेऊन आले. काका एक पाटा घेऊन आले. मसाला वाटायचा, दगडी. पूर्ण पाट्याला हिरवा ऑइलपेंट लावून अंबडच्या कारखान्यातून त्याचा अर्धा भाग लेझरने साफ करून आणला होता. तो त्यांनी साहेबांच्या काचेच्या टेबलावर ठेवला.

"काका, हे काय आहे?" साहेबांनी टेबलाच्या काळजीने विचारलं.

"चाटून बघा."

साहेबांनी चाटलं नाही. पण बोट फिरवून बघितलं, दोनदा. एका जुन्या वाचनालयाचा आणि काकांचा असे दोनच प्रस्ताव पुढच्या फेरीत गेले.

मग जागेची पाहणी. साहेब, मी आणि पुण्याहून आलेल्या एक तज्ज्ञ बाई. काकांनी सगळं नीट समजावून सांगितलं. तज्ज्ञ बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "फक्त एक नमुना ठेवावा लागेल. हातभर जागा साफ न करता तशीच सोडायची, म्हणजे आधी काय होतं ते पुढच्यांना कळतं. मागच्या भिंतीला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवू."

"नमुना ठरलाय," काका म्हणाले. खिशातून खडू काढून त्यांनी चौकोन आखला. कुठे, तर मुख्य दाराच्या चौकटीला, अगदी खाली, उजव्या हाताला. तिथे पिवळ्या रंगावर कुणीतरी गुलाबी रंगाने वेल काढली होती. वेल कसली, गोगलगाय चालल्यासारखी वाकडी रेघ आणि तिला पानांऐवजी ठिपके. अख्ख्या देवळातला सर्वात वाईट रंग तोच असावा.

तज्ज्ञ बाई म्हणाल्या, कोरीव काम तिथेच आहे, तो भाग आधी मोकळा व्हायला हवा. साहेब म्हणाले, फोटो तिथूनच निघणार. काका म्हणाले, "नमुना इथेच. नाहीतर तुमचा लेझर तुमच्याकडे ठेवा."

मला राग आला. हा माणूस कित्येक महिने माझ्या जिन्यात उभा होता. साहेब माझ्या कानात म्हणाले, "वाचनालयवाले बरे दिसतात." मी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "काका, हातभर जागेसाठी अख्खं देऊळ घालवताय?" ते चौकटीकडे बघत राहिले. "तिथला रंग जुना आहे," एवढंच म्हणाले. रसायनशास्त्राच्या माणसाने याहून बरं खोटं बोलायला हवं होतं, कारण चौकटीवरचा बाकीचा पिवळाही तितकाच जुना होता.

चहा काकांच्या वहिनींकडे होता. देवळाला लागूनच त्यांचं घर. मी कप आत ठेवायला गेले, तर वहिनी हसत होत्या.

"भाऊजींनी खडू कुढं मारला ते पाह्यलं मी."

"का मारला तिथेच?"

"आवो, ती माझ्या जावंनं, सुमननं काढलेली येल हाय. नवी नवरी व्हती. देऊळ रंगवाया निघालं तवा गडी शिडीवर आन आम्ही बायका खाली बसून. तिला वाटलं, नुसतं पिवळं काय करायचं? फडताळाचा गुलाबी रंग उरला व्हता घरात, तो घिऊन आली. शनवारी भाऊजी नाशकाहून आले. शिकून आल्यालं पोरगं, आन ऑइलपेंट म्हंजी लय डोस्कं फिरायचं. पंधरा बायांत उभं राहून वरडले, कुणाचा हा पराक्रम?"

"मग?"

"मग काय! आम्ही समद्या खाली बघाया लागलो. आन ही ब्रश वर करून म्हन्ती, माझाच."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. त्या अजून हसतच होत्या. "आठ दिस बोलले नाय तिच्यासंगं. पण मंग घरात तेच सुरू झालं बगा. आमटी खारट झाली, हे विचारनार कुणाचा पराक्रम, ती चुलीपासून म्हन्नार माझाच. दूध उतू गेलं, माझाच. कधी कधी तर काय झाल्यालं बी नसायचं. दवाखान्यात व्हती तवा सलाइनची नळी निसटली, तर तिथं बी."

मी कप विसळून बाहेर आले. साहेबांना यातलं काही सांगितलं नाही. निधीच्या नियमांत त्याला रकाना नाही. मी म्हटलं, "सर, दाराच्या चौकटीला लोकांचे हात लागतात, दिव्याचं तेल लागतं, धूर लागतो. मागच्या भिंतीला यातलं काहीच नाही. मग एक नमुना मागे आणि एक दारापाशी ठेवला तर तुलना चांगली होईल." तज्ज्ञ बाईंनी विचार केला आणि मान्य केलं. युक्तिवाद खरा होता, फक्त मला तो उशिरा सुचला. फोटोचं काय, या साहेबांच्या प्रश्नावर मी त्यांना डावीकडे उभं राहून दाखवलं.

निधी देवळाला मिळाला आणि काम थंडीत सुरू झालं. डोळ्यांवर काळे चष्मे, पोह्याच्या चिवड्यासारखा कुरकुर आवाज आणि जळक्या रंगाचा वास. पिवळा, त्याखालचा हिरवा, त्याखालचा चुना असे थर उडत गेले आणि चौकटीवर बोटाएवढे हत्ती निघाले, एकामागे एक, सोंडेने पुढच्याचं शेपूट धरलेले. गावातले म्हातारे जवळ येऊन बघत होते. त्यांनीही ते कधी पाहिले नव्हते. काकांनी दगडाला जीभ लावली आणि काहीच बोलले नाहीत. मी समजले.

हत्तींची रांग खाली उतरत उतरत गुलाबी वेलीपाशी थांबते. तिच्या पलीकडे आणखी किती हत्ती आहेत, ते कुणाला माहीत नाही. तज्ज्ञ बाई हळहळल्या.

संध्याकाळी मशीन गाडीत चढवलं, माणसं पांगली. मी पर्स घ्यायला परत गेले, तेव्हा काका दारापाशी उकिडवे बसले होते. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. वेलीच्या एका ठिपक्यावरची धूळ त्यांनी अंगठ्याने पुसली.

"कुणाचा हा पराक्रम?" ते हळूच म्हणाले.

आणि थांबले. एक शब्द बोलायला लागतो, तेवढाच वेळ. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दीपमाळेजवळ तेलाची बाटली उघडत असलेल्या पुजाऱ्यावर ओरडायला गेले.