विषय : टेबलासह ट्रेलर सोडण्याबाबत

ताईचे ते पत्र ग्रंथपालांना तोंडपाठ झाले होते. त्याला उत्तर देणे तेवढे राहून गेले होते. पत्रात दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे घर विकले गेले आहे, तेव्हा बाबांचे लिहायचे टेबल घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल. आणि दुसरी अशी, की तुमच्याकडची मागची खोली रिकामीच असते ना, मग मी तिथे राहायला आले तर चालेल का? नाहीतर मुलाने त्याच्या गावी चौथ्या मजल्यावर एक घर बघून ठेवले आहे, तिकडे जाईन. काय ते लवकर कळव.

ग्रंथपालांना ताई हवीच होती. पण नुसते 'ये' लिहावे तर कोरडे वाटणार. 'अवश्य ये' लिहावे तर उपकार केल्यासारखे वाटणार. 'हे काय विचारणे झाले' असे लिहावे, तर बिचारीला विचारलेच कशाला असे होणार. उभा जन्म वाचनालयात दुसऱ्यांची वाक्ये सांभाळण्यात गेलेला माणूस. स्वतःचे वाक्य लिहायचे म्हटले की ते कागदामागून कागद चुरगळून टोपलीत टाकीत. फोन करावा, तर फोनवर ताई फक्त स्वतः बोले.

"अहो, 'ये' एवढंच लिहायचंय ना?" बायको म्हणाली. "त्याला टोपलीभर कागद कसे लागतात?"

"विचार करतोय."

"तुमचा विचार होईस्तोवर त्या चौथा मजला चढून मोकळ्या होतील. आणि त्या इमारतीला लिफ्ट नाहीये."

शेवटी ग्रंथपालांनी पळवाट काढली. उत्तर लिहिण्यापेक्षा टेबल आणायला जाणे सोपे. तिथे समोरासमोर काय ते बोलता येईल. आता टेबल आणायचे म्हणजे बायकोच्या भावाला सांगणे आले.

या मेहुण्याकडे एक मोटार होती, तिच्यामागे जोडायचा दोनचाकी ट्रेलर होता, आणि या दोन्हींत मावणार नाही एवढा आत्मविश्वास होता. ट्रेलर त्याने बोट ठेवायला घेतला होता. बोट घ्यायची राहिली, पण ट्रेलरचा मालक म्हणून तो चारचौघांत ताठ चाले. इकडे ग्रंथपालांनी निघण्याआधी वाहतूक नियमांचे पुस्तक मिळवून त्यातले ट्रेलरचे प्रकरण तळटिपांसकट वाचले होते. का वाचले, म्हणून कुणी विचारले असते तर त्यांना सांगता आले नसते. न वाचता कुठल्याही गोष्टीजवळ जायची त्यांची छातीच होत नसे, एवढेच.

ताईच्या दारात मेहुण्याने टेबल ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला चढवले. टेबलाचे दोन पाय बाहेर लोंबू लागले.

"मी काय म्हणतो," ग्रंथपाल चाचरत म्हणाले, "वजन पुढं हवं म्हणे. निम्म्याहून जास्त, चाकांच्या पुढं."

"कोण म्हणे?"

"पुस्तकात आहे."

"भावजी, पुस्तक येणार आहे का उतरवायला? मागं ठेवलं की घरी गेल्यावर नुसतं ओढलं की खाली."

"आणि त्या दोन साखळ्या... चुकून जोडणी निसटली तर म्हणून..."

"निसटायला ती काय तुमची पँट आहे?" असे म्हणून मेहुण्याने ताईची कपडे वाळत घालायची दोरी सोडवून टेबलाला गुंडाळली, तिच्यावर एक लाकडी खुर्ची उलटी बांधली, आणि मागे लोंबणाऱ्या पायाला ताईचाच लाल टॉवेल लावला. लाल काहीतरी लावायचे असते, एवढे त्याला कुठूनसे ठाऊक होते.

ताई रिकाम्या खोलीच्या दारात उभी होती. मेहुणा मोटारीत जाऊन बसल्यावर ती हळूच म्हणाली, "सोमवारी तिकडच्या घराचा करार करायचाय. तुला काही म्हणायचंय का रे?"

हीच ती वेळ होती. ग्रंथपालांनी वाटभर एक वाक्य घोळवून आणले होते, चांगले गुळगुळीत झाले होते ते. त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात मेहुण्याने हॉर्न वाजवला आणि वाक्य पाखरासारखे उडून गेले.

"टेबल सांभाळून नेतो," ग्रंथपाल म्हणाले.

"बरं," ताई म्हणाली, आणि आत गेली.

मोटार मोठ्या रस्त्याला लागली तशी मागून ट्रेलर डुलू लागला. आधी थोडा, मग कुत्र्याने शेपूट हलवावी तसा. कुत्रा कुठला आणि शेपूट कुठली, हे थोड्या वेळाने सांगता येईना. कारण शेपटीच्या तालावर मोटारही डुलू लागली होती.

"वेग कमी कर रे," ग्रंथपालांनी दाराची मूठ घट्ट धरली. "हळूहळू पाय काढून घे, ब्रेक नको मारू."

"उलटं असतं भावजी. वेग वाढवला की सरळ होतं सगळं."

त्याने वेग वाढवला. सरळ काही झाले नाही. फक्त लाल टॉवेलाची गाठ सुटली. टॉवेल वाऱ्यावर छान पसरला, गिरकी घेत मागे गेला आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाऊन बसला. मोटारसायकल झोकांड्या खात कशीबशी थांबली. टॉवेलाखालून हेल्मेट निघाले आणि हेल्मेटखालून वाहतूक शाखेच्या हवालदारबाई निघाल्या.

"ट्रेलर कोणाचा?" मेहुण्याची मोटार कडेला घ्यायला लावून बाईंनी विचारले. टॉवेल अजून त्यांच्या खांद्यावर होता.

"माझाच, मॅडम. काही नाही हो, घरचंच सामान आहे."

"सामान घरचं असतं, डोकं दुसऱ्याचं फुटतं. साखळ्या कुठायत?"

"कसल्या साखळ्या?" मेहुण्याने भाबडा चेहरा केला.

"दोन लागतात," ग्रंथपालांच्या तोंडून निघून गेले. "जोडणीखाली फुलीसारख्या घ्यायच्या. म्हणजे जोडणी निसटली तरी दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर टेकतो."

हवालदारबाईंनी मान वळवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे त्यांना कुणी आपणहून सांगितले नव्हते.

"भावजी, तुम्ही गप्प बसा बरं."

"बसू नका गप्प," बाई म्हणाल्या. "आणखी काय काय नाहीये, काका?"

हा प्रश्न ग्रंथपालांना परीक्षेतल्यासारखा वाटला, आणि परीक्षेत त्यांनी कधी खोटे लिहिले नव्हते. "मागचे दिवे मोटारीच्या ब्रेकला जोडलेले नाहीत. मागं नंबरची पाटी नाही. भार मागं आहे, म्हणून तर तो डुलतो. आणि जोडणीच्या खिळीच्या जागी," इथे ते जरा वाकले, "पेन्सिल आहे."

"भावजी! तुम्ही नक्की कोणाकडून आहात?"

"माहीत होतं तर मग बसलात कसे गाडीत?" बाईंनी विचारले.

याचे उत्तर मात्र पुस्तकात नव्हते.

ट्रेलर जप्त झाला. त्याला न्यायला एक ओढगाडी आली, आणि तिला मात्र साखळ्या, दिवे, खिळ्या सगळे जिथल्या तिथे होते. जप्त वाहनांच्या आवारात पहारेकऱ्याने नवेच शास्त्र काढले. "जप्ती ट्रेलरची आहे, सामानाची नाही. सामान खाली घ्या." मग टेबल उतरवून कचेरीच्या खिडकीशेजारी पत्र्याच्या सावलीत ठेवले गेले, त्याच्यामागे खुर्ची. साखळ्या, दिवे, पाटी आणि खिळी आणायला मेहुणा पाय आपटत निघून गेला. ग्रंथपाल टेबलाच्या राखणीला राहिले. बसायला दुसरे काहीच नव्हते, म्हणून खुर्चीवर बसले. हात ठेवायला दुसरे काही नव्हते, म्हणून टेबलावर ठेवले.

त्या आवाराची एक रीत होती. वाहन सोडवायचे तर लेखी अर्ज द्यायचा. पण अर्ज लिहायला तिथे बोटभर फळी नव्हती. लोक बॉनेटवर लिहीत, भिंतीवर लिहीत, एकमेकांच्या पाठीवर लिहीत, आणि खिडकीतला कारकून ते वाचता येत नाही म्हणून परत फेकी.

एक टेम्पोवाला टेबलापाशी आला. "साहेब, अर्ज इथं लिहून मिळतो का?"

ग्रंथपालांना 'नाही' म्हणायचे होते. पण 'नाही' हा शब्दही त्यांना 'हो'इतकाच जड जाई. ते योग्य वाक्य शोधत असताना टेम्पोवाल्याने कागद पुढ्यात ठेवला आणि सांगायला लागला. आदल्या दिवशी सासऱ्याला घेऊन दवाखान्यात गेलो, तिथे गर्दी होती, सासरा तसा तापट...

"थांबा," ग्रंथपाल म्हणाले. "तुम्हाला हवंय काय?"

"टेम्पो."

"मग तेवढंच लिहू."

त्यांनी विषय लिहिला, चूक लिहिली, मागणी लिहिली. कारकुनाने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि मुकाट्याने शिक्का मारला. टेम्पोवाला पावती नाचवत बाहेर पडला, आणि मग काय विचारता! टेबलासमोर रांग लागली. पाठींना विश्रांती मिळाली. ग्रंथपाल खाली मान घालून लिहीत होते. "नाही बाई, 'रस्ता माझ्या मध्ये आला' असं नाही लिहिता येणार." "पश्चात्ताप एकदाच लिहा हो, तीनदा लिहिला की संशय येतो." आपण हे अनोळखी माणसांशी बोलतो आहोत, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

कारकून तावातावाने बाहेर आला. "कोणाच्या परवानगीनं चाललंय हे?"

त्याच वेळी मोठे साहेब फाटकातून शिरले. शिस्तीत उभी रांग बघून ते जागच्या जागी थबकले. "अरे वा! हा मदत कक्ष कधी सुरू केलात?"

कारकुनाने एकदा टेबलाकडे पाहिले, एकदा साहेबांकडे. "आजच, साहेब. प्रायोगिक आहे."

"चालू ठेवा!" साहेब म्हणाले आणि आत गेले. कारकुनाने ग्रंथपालांपुढे कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि कचेरीची पाकिटे आणून ठेवली.

मेहुणा परतला तो गळ्यात साखळ्या अडकवून. तो थेट खिडकीकडे निघाला.

"अर्ज?" कारकुनाने विचारले.

"कसला अर्ज? सामान आणलंय सगळं."

"अर्जाशिवाय गाडी सुटत नाही. रांगेत या."

पुढच्या माणसाच्या रुंद पाठीमागून मेहुण्याला टेबल दिसत नव्हते. पाठ बाजूला झाली तेव्हा त्याचा आ वासला.

"भावजी?"

"विषय सांगा," ग्रंथपाल सवयीने म्हणाले, मग वर बघितले. "अरे, तू होय! बस... म्हणजे, उभाच राहा. चूक काय लिहू?"

"लिहा की, किरकोळ तांत्रिक अडचण."

"मोघम अर्ज परत येतो."

"मग?"

"भार मागं भरला. सांगूनही साखळ्या लावल्या नाहीत. खिळीऐवजी पेन्सिल लावली."

"'सांगूनही' कशाला पाहिजे?"

"त्याशिवाय अर्ज पुरा होत नाही," ग्रंथपाल म्हणाले. मागचे लोक "सही करा हो, खोळंबलोय आम्ही" म्हणून ओरडू लागले. मेहुण्याने सही केली. साखळ्या फुलीसारख्या लागल्या, खिळी बसली, दिवे लागले, पाटी आली. या वेळी मेहुणा पहारेकऱ्याला सांगत होता, "भार पुढं घ्यायचा हो, पुढं. एवढंही कळत नाही?"

टेबल ट्रेलरवर चढवायला माणसे येईपर्यंत रांग संपली होती. ग्रंथपालांचा हात मात्र थांबायला तयार नव्हता. त्यांनी नवा कागद ओढला. आतापर्यंत आपण ताईला उत्तर देत होतो, म्हणून अडत होते; पण हवे तर आपल्याला आहे. मग अर्ज आपणच करायचा. त्यांनी लिहिले :

"प्रति, माननीय ताई यांस.

विषय : मागच्या खोलीत कायमचे राहायला येण्याबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की, आपण सोमवारच्या करारावर सही करू नये व आमच्याकडे राहायला यावे. आपण येत नाही तोवर घराला घरपण नाही. उत्तरास झालेला उशीर ही सर्वस्वी अर्जदाराची चूक असून ती त्यास मान्य आहे. अर्ज मंजूर व्हावा.

आपला नम्र,
अर्जदार (धाकटा भाऊ)"

ते पुन्हा वाचायच्या आत त्यांनी कागद पाकिटात घालून चिकटवला आणि वर ताईचा पत्ता लिहिला. पाकिटावर ठळक छापले होते : वाहतूक विभाग.

"भावजी, ताईंना वाटेल दंड आला," मेहुणा म्हणाला.

"वाटू दे."

फाटकाबाहेरच्या पेटीतली पत्रे काढायला पोस्टमन आलाच होता. ग्रंथपाल जवळजवळ धावतच गेले.

"तातडीचं आहे का, काका?" पोस्टमनने पाकिटाकडे बघत विचारले. "उद्या सकाळी पोचेल."

तातडीचे म्हणावे, तर इतके दिवस काय करत होतो? तातडीचे नाही म्हणावे, तर सोमवार तोंडावर आलेला. ग्रंथपाल विचारात पडले. पोस्टमनने थोडी वाट पाहिली, मग त्यांच्या बोटांतून पाकीट अलगद सोडवून घेतले, पिशवीत टाकले आणि सायकलवर टांग मारली.